वनवनस्पतींची नोंद आणि उद्यानाची परंपरा: अकोले तालुक्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
वनस्पती उद्यान म्हणजे केवळ शोभेची बाग नव्हे. उद्यानात कोणती वनस्पती लावावयाची, तिला कोणते नाव द्यावयाचे आणि तिच्याविषयीचे ज्ञान कोणाच्या नावे नोंदवावयाचे, हे त्या त्या काळातील सत्ता ठरवीत आली. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्हा व त्यालगतच्या जुन्नर-पुणे परिसराच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजोद्यान ते वनस्पती उद्यान :
निजामशाहीच्या काळात अहमदनगर शहराभोवती फराहबाग व हश्त-बिहिश्त बाग यांसारखी उद्याने उभी राहिली. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी महाल आणि खापरी नळांनी आणलेले पाणी ही त्यांची वैशिष्ट्ये होत. इराणी परंपरेतील या उद्यानांचा हेतू विसावा व वैभव हा होता. सह्याद्रीतील रानझाडांची ओळख करून देणे हा त्यांचा विषय नव्हता.

इंग्रजी अमदानीत दृष्टी बदलली. पुण्याजवळ दापोडी येथे 1828 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान स्थापन झाले. 1838 पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी त्याची धुरा वाहिली. अकोले तालुक्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात हिवरे येथेही औषधी वनस्पतींची लागवड त्यांनी केली. 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगलतोडीने झरे आटतात, हे त्यांनी सरकारच्या निदर्शनास आणले. परंतु हाच विचार पुढे रानातील रहिवाशांवर निर्बंध घालण्यास आधार ठरला. 1861 मध्ये डॅल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दापोडीच्या उद्यानात 1847 ते 1850 या काळात काढलेली वनस्पतिचित्रे आज एडिंबरा येथील वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रे सुरक्षित राहिली, पण चित्रकाराचे नाव मात्र नोंदले गेले नाही. वनस्पती दाखविणाऱ्या वाटाड्याच्या बाबतीत वेगळे काय घडले असणार!

अकोल्याचे रान :
जिल्ह्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण, तर पश्चिमेकडील अकोले तालुका अतिपावसाचा आहे. कळसूबाई (1646 मीटर) व हरिश्चंद्रगड परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी, उंबर, करवंद या वनस्पती आढळतात. हिरड्याची कोवळी, न पिकलेली फळे म्हणजे बाळहिरडा. महादेव कोळी कुटुंबांना त्याच्या वेचणीतून रोख उत्पन्न मिळते. एकोणिसाव्या शतकात कातडी कमाविण्यासाठी हिरडा विलायतेस जात असे. सुमारे आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन घराचे कूड उभारले जातात. म्हणजेच येथे झाडाची ओळख त्याच्या ऋतूशी, उपयोगाशी आणि श्रमाशी जोडलेली आहे.

या ओळखीचे सर्वांत जुने रक्षणस्थान देवराई होय. देवाच्या नावे राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालविणे निषिद्ध मानले जाते. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला आणि त्यांचे शास्त्रीय महत्त्व विद्वानांपुढे आले. कोणत्याही पाटीवाचून चालणारे हे वनस्पती उद्यानच म्हणावे लागेल. मात्र त्याची सूची माणसांच्या स्मरणात आहे. तरुण पिढी रोजगारासाठी गाव सोडते, तेव्हा झाड उभे असूनही त्याचे नाव व गुण विस्मृतीत जातात.

निष्कर्ष :
1. निजामशाही उद्यानांनी स्थानिक वनस्पतीकडे दुर्लक्ष केले, तर वसाहतकालीन उद्यानाने ती स्वीकारली, परंतु तिचे जाणकार अनामिक ठेवले.
2. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद झाली. वनहक्क कायदा, 2006 ने गौण वनोपजाबरोबर जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्कही मान्य केला. त्यामुळे ही अनामिकता दूर करण्यास कायद्याचा आधार उपलब्ध आहे.
3. महाविद्यालयीन वनस्पती उद्यानांतील पाट्यांवर बहुधा शास्त्रीय नाव व कुल एवढेच असते. त्याबरोबर स्थानिक नाव, उपयोग आणि संमती असल्यास माहिती देणाऱ्या गावाचा उल्लेखही असावा. वनस्पतिशास्त्र, इतिहास व मराठी या विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घेतले, तर दापोडीत राहून गेलेली उणीव काही अंशी भरून निघेल.