बलुते : हक्क की बांधिलकी?

खेड्याचे वर्णन करू लागले की ‘बारा बलुतेदार’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी सहज येतो, आणि एकोप्याने नांदणारे, कोणावाचून न अडणारे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. आमचे आयुष्य कामगारांच्या मजुरीचे हिशेब करण्यात गेले. तेव्हा हा शब्दही आम्ही मजुरीच्या अंगानेच तपासणार.

बलुते म्हणजे मुळात माणूस नव्हे, जातही नव्हे. सुगीच्या वेळी शेतकऱ्याने गावाच्या कारागिरांना व चाकरांना पिकातून द्यावयाचा वाटा, तो बलुते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हाच अर्थ दिला आहे. त्याला फारसी ‘दार’ प्रत्यय लागला आणि वाटा घेणारा बलुतेदार झाला.

हे बारा कोण, याच्या याद्या गावोगाव निराळ्या. एका प्रसिद्ध यादीत तीन ओळी आहेत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. ओळ थोरली तसा वाटा मोठा. म्हणजे गावकीत ज्याच्यावाचून अडे, तो खळ्यावर थोरला. पण खळ्यावरचा हा थोरलेपणा पाणवठ्यापर्यंत पोचत नसे, हेही त्याच गावाचे सत्य होय.

या व्यवस्थेत चांगले काहीच नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. सुताराने वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करावेत, चांभाराने मोट शिवावी, मांगाने दोर वळावेत. दर खेपेला पैसे मागण्याचे कारण नसे. काम पिढीजात होते, त्यामुळे उद्यापासून येऊ नकोस असे त्याला सहजासहजी कोणी म्हणू शकत नसे. अशा शाश्वतीसाठी गिरणीतल्या बदली कामगाराने जन्मभर वाट पाहिली.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. वाटा पिकाशी बांधलेला, कामाशी नव्हे. पाऊस गेला की काम तेवढेच राही आणि सुपात पडणारे धान्य आटे. कामाला तास नाहीत, मापाला साक्षीदार नाही. तक्रार शेतकऱ्याचीही होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ ग्रंथात तिला वाचा फुटली आहे. सर्वांत मोठी गोष्ट ही की, बलुतेदाराला ‘हे काम मी करणार नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. जे नाकारता येत नाही, त्याला हक्क कसे म्हणावे?

हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी बिल आणून ऐरणीवर आणला. महारांच्या बलुत्याचे रोख पैशांत रूपांतर करावे आणि ती रक्कम शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावी, अशी त्यात तरतूद होती. खळ्यावर हात पसरायचा नाही, ठरलेला पगार घ्यायचा, हा त्यातला मुद्दा. ते बिल १९२९ साली मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने कायद्याने नष्ट करण्यास १९५८ साल उजाडले. आणि दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, तेव्हा या शब्दामागचे दुःख शहरी वाचकाच्या घरात आले.

खेड्यातून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसाने प्रथम काय मागितले? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, या मागण्या होत्या. वार, तास, तारीख! बलुत्यात जे कधीच ठरलेले नव्हते, नेमके तेच त्यांनी मागितले.

श्रोतेहो, बलुते खेड्यातच राहिले असे समजू नका. घरकाम करणाऱ्या बाईला दिवाळीची साडी आणि उरलेली भाजी आपण मोठ्या मायेने देतो. पण तिची आठवड्याची सुट्टी आणि पगारवाढ यांचा विषय निघाला की गप्प बसतो. तेही बलुतेच. साडी जरूर द्या, पण आधी सुट्टीचा वार ठरवा. शाश्वती बलुत्याची आणि मोकळीक मजुरीची, या दोन्ही एका पदरात पडाव्यात, एवढेच कामगाराचे मागणे आहे.