मेंढा जिवंत ठेवून

पैदाशीसाठी मेंढा निवडणाऱ्यांपुढे एक जुना पेच होता. त्याच्या अंगात मांस किती आणि चरबी किती, हे नक्की कळायचं ते तो कापल्यावर. आणि कापलेल्या मेंढ्याची पिल्लं कुठून येणार?

अठराव्या शतकात इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये रॉबर्ट बेकवेल कापलेल्या जनावरांचे तुकडे खारवून जपून ठेवायचा, पिढ्यांची तुलना करता यावी म्हणून. त्याची न्यू लेस्टर मेंढी लवकर वाढायची, चरबीही भरपूर धरायची. तेव्हा चरबीला मोल होतं. पुढे गिऱ्हाईक कमी चरबीचं मटण मागू लागलं, तरी जिवंत जनावराचं माप कमरेवर बोटं दाबूनच घेतलं जायचं.

1950च्या दशकात अमेरिकेत जिवंत गुरांवर ध्वनिलहरींचे प्रयोग सुरू झाले. मेंढ्यांची पाळी नंतर आली. लोकर बाजूला सारून कमरेवर यंत्र टेकवायचं. चरबी संपून स्नायू सुरू होतो तिथून प्रतिध्वनी परततो आणि दोन्हींची जाडी कळते. कोकराची चरबी काही मिलिमीटरच असते, म्हणून यंत्र जरा जोरात दाबलं तरी माप चुकतं. ऑस्ट्रेलियात 1989मध्ये सुरू झालेल्या लॅम्बप्लॅनमध्ये अशी मापं पैदाशीच्या हिशेबात धरली जातात.

याला मी भूतदया म्हणणार नाही. चांगलं माप आलेला मेंढा वाचतो, तो त्याची कोकरं कापता यावीत म्हणून. पण बेकवेलला जे खारवलेल्या तुकड्यांत शोधावं लागलं, ते आता मेंढा समोर उभा असतानाच दिसतं.