वाजवणाऱ्याला कोण पोसतं?

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या स्कॉन्सर धक्क्याहून रासे बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचं नाव आहे 'हॅलेग'. 2013 साली ती सुरू झाली तेव्हा डिझेल आणि बॅटरी या दोन्हींवर चालणारी, मोटारी वाहून नेणारी अशी जगातली ती पहिलीच समुद्री फेरी होती. नाव मात्र तिला एका कवितेचं दिलं आहे. रासेवर जन्मलेल्या सॉर्ली मॅक्लेन यांची ती गेलिक कविता, आणि कवितेला नाव बेटावरच्या एका ओसाड गावाचं. पंचवीस मिनिटांत बोट पलीकडे लागते. धक्क्यापासून थोडं वर चढलं की बोरोडेल हाउस ही जुनी इमारत लागते आणि तिला जोडूनच रासेची डिस्टिलरी.

बेटाची लांबी बावीस-तेवीस किलोमीटर, वस्ती दोनशेच्याही आत. चोरून दारू गाळणं इथे पूर्वीपासून होतं, पण कायदेशीर अशी ही पहिलीच डिस्टिलरी 2017मध्ये सुरू झाली. तांब्याचे दोनच स्टिल, आणि पाणी बेटावरच्याच विहिरीचं. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरल्याशिवाय त्या द्रवाला व्हिस्की म्हणता येत नाही. त्यामुळे पहिली सिंगल मॉल्ट बाहेर यायला 2020 साल उजाडलं.

अशी एखादी छोटी डिस्टिलरी पारंपरिक संगीताच्या पुरस्कारांची प्रायोजक होते, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. माझे मिरजेचे नातेवाईक तर सरळ विचारतात, "दारूवाल्यांचा आणि गाण्याबजावण्याचा काय संबंध?" मी मिरजेत तबल्याचे बोल तोंडपाठ करत वाढलो आणि नोकरीच्या निमित्ताने ग्लासगोला येऊन इथलाच झालो. त्यांच्या प्रश्नाला मला रासेच्या इतिहासातूनच उत्तर द्यावंसं वाटतं, कारण वाजवणाऱ्याला कोण पोसतं आणि पोसणारा गेला की काय होतं, हे या बेटाने सोसून पाहिलेलं आहे.

1773च्या सप्टेंबरात इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार जेम्स बॉझवेल रासेला आले. जॉन्सन तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे. वल्हवणारे नावाडी गेलिक गाणी म्हणत त्यांना घेऊन आले. बेटाचा धनी जॉन मॅक्लाउड. त्याला तीन मुलगे आणि दहा मुली. पाहुणे घरात शिरताच तिथल्या रिवाजाप्रमाणे ब्रँडीचा एकेक घोट सगळ्यांना फिरवला गेला. संध्याकाळी दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळला, फिडलवाला आला आणि नाच सुरू झाला. बॉझवेलने हे सगळं हौसेने लिहून ठेवलं आहे. बेटावरच्या डन कॅन या सपाट माथ्याच्या डोंगरावर चढून त्याने स्वतःही नाचून घेतलं. घोट आणि गाणं यांची सांगड जाहिरातवाल्यांनी घातलेली नाही. ती त्या घराच्या पाहुणचारातच होती.

त्या दहा मुलींपैकी थोरली फ्लोरा. तिचं लग्न पुढे लाउडनचा अर्ल झालेल्या जेम्स म्यूर कॅम्बेलशी झालं, आणि 1780मध्ये मुलीला जन्म दिल्यानंतर लवकरच ती वारली. काही वर्षांनी तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली. मागे राहिलेल्या इझाबेला या बहिणीच्या दुःखावर कवी रॉबर्ट बर्न्सने एक गीत रचलं. ती पोरकी मुलगी, तिचंही नाव फ्लोराच, मोठी झाली आणि तिने फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्जशी लग्न केलं. हाच तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत 1817-18च्या युद्धात पेशवाई बुडाली. शनिवारवाड्याच्या इतिहासाचा एक धागा असा रासेच्या त्या दिवाणखान्यापर्यंत पोचतो. हे कळल्यापासून मला हे बेट परकं वाटेनासं झालं.

जॉन्सन-बॉझवेल येऊन गेले त्या काळात बेटाच्या दक्षिणेला आयर नावाच्या वस्तीत जॉन मॅके नावाचा एक पोरका पोरगा गुरं राखत होता. 1746मध्ये कलोडनच्या लढाईत हरून पळणाऱ्या राजपुत्र चार्ल्सला वाट दाखवणारा कॅप्टन माल्कम मॅक्लाउड बॅगपाइपचा जाणकार होता. कथा अशी सांगतात की, तो दुसऱ्या कुणाला शिकवत असताना हा पोरगा दुरून ऐकायचा आणि रानात एकटाच वाजवून पाहायचा. माल्कमने ते ऐकलं आणि त्याला पदराखाली घेतलं. पुढे बेटाच्या धन्याच्या आश्रयाने त्याला स्कायच्या मॅक्रिमन घराण्याकडे आणि गेअरलॉकच्या मॅके घराण्याकडे तालीम मिळाली. शिकून तो रासेचा पायपर झाला.

ती तालीम कशी असे, हे मला विशेष जवळचं वाटतं. पाइपवरच्या मोठ्या रचनांना पिब्रोख म्हणतात. आधी संथ मूळ धून, मग तिचे एकावर एक चढत जाणारे विस्तार आणि शेवटी पुन्हा मूळ धून. स्वरलिपी नव्हती. गुरू तोंडाने अक्षरं गायचा: हिहारिन, होदिन, दारोदो. कुठलं अक्षर म्हणजे कुठला स्वर आणि कुठल्या बोटाची हरकत, हे ठरलेलं. शिष्याने आधी ते गायचं, मग बोटं पाइपवर ठेवायची. आमचे गुरुजी 'धा तिरकिट' तोंडाने पक्कं झाल्याशिवाय डग्ग्याला हात लावू देत नसत, अगदी तसंच. अशा विद्येला वर्षानुवर्षं गुरूजवळ राहावं लागतं, आणि त्या वर्षांत शिष्याच्या जेवणाखाण्याची सोय कुणीतरी करावी लागते. आश्रयदात्याचं खरं काम तिथे असतं.

बक्षिसांची कथाही तेव्हापासूनचीच. कलोडनच्या पराभवानंतर डोंगराळ मुलखाची जुनी सरदारी व्यवस्था मोडत चालली होती. तेव्हा लंडनच्या हायलँड सोसायटीने 1781मध्ये फॉलकर्कच्या गुरांच्या बाजाराच्या वेळी पाइपवादनाची पहिली स्पर्धा भरवली आणि विजेत्याला बक्षीस म्हणून पाइपच दिला. पुढे या स्पर्धा एडिंबरोत होऊ लागल्या आणि 1792मध्ये रासेच्या जॉन मॅकेने तो पाइप जिंकला.

मग धन्याचं घर कर्जात बुडालं. 1823च्या सुमारास मॅके बायकामुलांसह रासे सोडून मध्य स्कॉटलंडमधल्या ड्रमंड किल्ल्यावर चाकरीला गेला. त्याचं घराणं बेटाबाहेरच मोठं झालं. मुलगा अँगस याने 1838मध्ये एकसष्ट पिब्रोख पाश्चात्त्य स्वरलिपीत छापले. पायपर पिढ्यान् पिढ्या त्या पुस्तकावर वाढले. 1843मध्ये तो राणी व्हिक्टोरियाचा पहिला पायपर झाला. पुढे त्याच्या मनावर परिणाम झाला, आणि 1859मध्ये डम्फ्रीजच्या मनोरुग्णालयातून निसटल्यावर निथ नदीत बुडून तो गेला. रासेची विद्या राजवाड्यात आणि पुस्तकात पोचली. बेटावर मात्र तिला घर उरलं नाही.

उरलेलं काम नव्या मालकाने केलं. डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, गुलामांच्या कष्टावर चाललेल्या मळ्यांच्या व्यापारात पैसा केलेल्या जॉर्ज रेनीने 1840च्या दशकात बेट विकत घेतलं. मेंढ्यांसाठी त्याने गावंच्या गावं उठवली. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला हॅलेगसकट अनेक वाड्या रिकाम्या झाल्या आणि शंभराच्या आसपास कुटुंबं परदेशी गेली. राहिलेल्यांच्या लग्नांवरही त्याने बंदी घातली होती, अशी साक्ष 1883च्या नेपियर आयोगापुढे नोंदली गेली. ज्या गावात लग्नच लागत नाही तिथे लग्नातलं गाणं कोण म्हणणार?

तरीही गाणं अगदी मेलं नाही. 1893मध्ये स्थापन झालेल्या कडक फ्री प्रेस्बिटेरियन चर्चचा रासेवर मोठा वचक होता आणि ऐहिक गाण्याबजावण्याकडे त्या चर्चची नजर वाकडी होती. पण सॉर्ली मॅक्लेन यांच्या आजीला असंख्य जुनी गेलिक गाणी पाठ होती आणि तिने ती नातवंडांना दिली. सॉर्लींनी त्यातून कविता घडवली. त्यांचा भाऊ कॅलम मॅक्लेन 1951मध्ये एडिंबरोत स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजचा पहिला पूर्णवेळ संग्राहक झाला. गावोगाव फिरून त्याने गाणी आणि कथा जमवल्या. इथे पोसणारी होती एक म्हातारी आणि तिची चूल.

बेटाच्या उत्तरेला कॅलम मॅक्लाउड हा पोस्टमन राहत होता. रस्ता नाही म्हणून लोक गाव सोडत होते आणि सरकार दाद देत नव्हतं. 1960च्या दशकात त्याने रस्तेबांधणीचं एक जुनं पुस्तक मिळवलं, आणि पहार, कुदळ, फावडं व ढकलगाडी एवढ्यावर ब्रोखेल ते आर्निश हा जवळजवळ पावणेतीन किलोमीटरचा रस्ता दहाएक वर्षं राबून एकट्याने केला. 1982मध्ये सरकारने त्यावर डांबर घातलं, तोवर गाव जवळजवळ ओस पडलं होतं. केपरकेली या बँडच्या डोनाल्ड शॉ यांनी 'कॅलम्स रोड' ही धून रचली. ती आज कुठल्याही मैफलीत ऐकू येते. धून जगभर गेली, पण रस्त्याच्या टोकाला शाळेत जाणारं मूल राहिलं नाही.

म्हणून दारूच्या पैशाने संगीत बाटतं का, हा वाद मला मुद्द्याचा वाटत नाही. ग्लेनफिडिकच्या नावाने 1974पासून पाइपवादनाची मानाची स्पर्धा होते आणि तिने पिब्रोखला मोठं व्यासपीठ दिलं. सायमन थोमायर यांच्या पुढाकाराने 2003मध्ये सुरू झालेल्या स्कॉट्स ट्रॅड म्युझिक अवॉर्ड्समध्ये लोक मत देऊन विजेते निवडतात, आणि वादक-गायकांबरोबर संगीत शिकवणाऱ्यांचाही गौरव होतो. अशा कामाला प्रायोजक लागतात आणि ते मिळाले पाहिजेत.

छोट्या बेटावरच्या डिस्टिलरीला तर यात मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त देता येतं. तिच्या पगारावर तरुण घरं बेटावर टिकतात, आणि मुलं असली तर शिकवायला कुणीतरी असतं. 1981मध्ये बारा नावाच्या बेटावर पहिला 'फेश' भरला. मुलांना गेलिक गाणी आणि वाद्यं शिकवणारी ती शिबिरं आज साऱ्या गेलिक मुलखात पसरली आहेत, आणि त्यांना दरवर्षी पैसा लागतो. प्रायोजकांना माझं एवढंच सांगणं आहे: पुरस्काराच्या रात्रीचा खर्च जरूर उचला, पण तितकाच पैसा बेटावर राहून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पगारासाठी बाजूला काढा. रासेच्या धन्याने जॉन मॅकेसाठी हेच केलं होतं, आणि त्या एका गुराख्याच्या शिक्षणाचं फळ पाइपचं जग अजून खात आहे.