छापलेला निकाल आणि न छापलेला निकाल

रत्नागिरीच्या टिळक आळीत येणारे पर्यटक टिळकांच्या जन्मघराचे फोटो काढतात आणि पुढे निघतात. मला मात्र त्या घराशी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक जोडलेलं दिसतं : ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’, मुंबई मालिका, खंड 22, पान 112.

मुंबई उच्च न्यायालय 1862 साली सुरू झालं. जिल्ह्याजिल्ह्यांतून तिथे अपिलं जायची. रत्नागिरीतून खोत आणि कुळांची भांडणंही जायची. निकाल लागायचा, पक्षकार घरी परतायचे आणि बहुतेक निकाल दप्तरात बांधले जायचे. मग 1875 साली लॉ रिपोर्ट्सचा कायदा आला. सरकारी परवानगीने छापलेल्या मालिकेबाहेरचा अहवाल ऐकून घ्यायचं बंधन कोर्टावर राहिलं नाही. 1876पासून खंड निघू लागले.

पक्षकाराला निकाल छापला काय, न छापला काय, सारखंच. हरलेली जमीन हरलेलीच. फरक पडतो तो पुढच्या माणसाला. छापलेला निकाल वकील कोर्टात उघडून दाखवू शकतो. दप्तरातला निकाल शेजारच्या गावातल्या कुळाच्या बाजूचा असला, तरी त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

आता खंड 22. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ फार ताणला : सरकारबद्दल प्रेम नसणं, म्हणजेच द्वेष, वैर, तिरस्कार, कुठल्याही प्रकारची दुर्भावना. ज्युरीत सहा युरोपियन, तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन. शिक्षा दीड वर्ष. अपिलाची परवानगी फुल बेंचने नाकारली.

ज्युरीपुढचं ते भाषण छापलं गेलं. नऊ माणसांसाठी बोललेले शब्द देशभरच्या वकिलांच्या टेबलावर आले. 1898 साली कलमातही असाच रुंद अर्थ घालण्यात आला. 1942 साली फेडरल कोर्टाने वेगळी वाट धरली : सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा हेतू किंवा शक्यता नसेल, तर राजद्रोह नाही. पण 1947 साली, टिळक जाऊन 27 वर्षं झाल्यावर, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने स्ट्रॅचींचाच अर्थ बरोबर ठरवला. स्वतंत्र भारतात 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेडरल कोर्टाची वाट पकडली.

न छापलेल्या निकालांचं काय झालं? रतनलाल आणि धीरजलाल या वकीलद्वयीने 1862 ते 1898 मधले मुंबईचे फौजदारी निकाल शोधून त्यांचं पुस्तक काढलं. नाव गमतीशीर : ‘अनरिपोर्टेड क्रिमिनल केसेस’. म्हणजे न छापलेल्या निकालांचं छापील पुस्तक! खाजगी प्रकाशकाला ते करावंसं वाटलं, कारण वकिलांना त्यांची गरज होती.

ऑगस्ट 2025पासून रत्नागिरीची अपिलं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. उच्च न्यायालयाचे निकाल आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. तरी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर ‘रिपोर्टेबल’ किंवा ‘नॉन-रिपोर्टेबल’ असा शिक्का अजून दिसतो. निवड संपलेली नाही. पण शिक्का नसलेला निकालही आज आपल्याला उघडून वाचता येतो. 1880च्या कुळाला ती सोय नव्हती. एकदा आपल्या तालुक्यातलं एखादं अपील शोधून वाचून बघा.