बिनशिक्क्याचे ओंडके

माझी सगळी नोकरी बल्लारशाहच्या लाकूड डेपोत गेली. त्यामुळे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, हॉलब्रुक गावाजवळ पसरलेले दगडी ओंडके पाहिले आणि पहिला प्रश्न पडला तो हाच: एवढे काटकोनात कापले कोणी? आमच्याकडे करवतीवरून उतरलेला मालही इतका सफाईदार नसे.

कापले कोणीच नाहीत. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या होत्या. पुरात वाहून आलेली झाडं गाळात गाडली गेली. साली आणि फांद्या बहुधा वाटेतच गेल्या. ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यातून लाकडात मुरली आणि त्याची गारगोटी झाली. पुढे जमीन वर उचलली गेली, तेव्हा ठिसूळ ओंडके आडवे तडकले. लाल-पिवळे रंग लोहाचे. सागाचा घनफूट अठरा-वीस किलो भरतो, हा पंचाहत्तरच्या आसपास!

नावाहो लोक या ओंडक्यांना एका मारल्या गेलेल्या राक्षसाची हाडं मानत. त्यांच्याही आधीच्या प्यूब्लो लोकांनी याच तुकड्यांच्या भिंती रचून आठ खोल्यांचं घर बांधलं होतं. त्या घराला आज अ‍ॅगेट हाउस म्हणतात. मला हा उपयोग सगळ्यांत शहाणपणाचा वाटला.

अमेरिकी सैन्यातला लेफ्टनंट व्हिपल 1853 साली रेल्वेमार्गाची पाहणी करत इथे पोचला. 1880च्या दशकात खरोखरच रेल्वे आली आणि तिच्यामागून व्यापार. आत जांभळे स्फटिक सापडतात म्हणून सुरुंग लावून ओंडके फोडले. टेबलांच्या फळ्यांसाठी माल वॅगनींतून गेला. अडमाना स्टेशनाजवळ तर ओंडके दळून घासकामाची पूड करायला गिरणीही उभारली. एवढं झाल्यावर 1895 मध्ये तिथल्या विधिमंडळाने संरक्षण मागितलं. ते मिळालं 8 डिसेंबर 1906ला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सहीने. राष्ट्रीय उद्यान व्हायला 1962 उजाडलं.

व्यापारी गेले, प्रवासी आले. प्रवाशाचा खिसा लहान, पण खिसे पुष्कळ. गंमत पुढे आहे. नेलेला खडा पोस्टाने परत येतो, सोबत माफीचं पत्र. हे 1930च्या दशकापासून चालू आहे. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं लग्न मोडलेलं, आणि खापर खड्यावर! पत्रं उद्यानाने जपून ठेवली आहेत. खडे मात्र जागेवर ठेवता येत नाहीत, कारण कुठून उचलला ते कळायला मार्ग नाही. चुकीच्या जागी टाकला तर अभ्यासकांची दिशाभूल. म्हणून कर्मचाऱ्यांच्या वापरातल्या रस्त्याच्या कडेला त्यांचा वेगळा ढीग घातला आहे.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना नसलेला ओंडका डेपोत आला की तो कुठल्या जंगलातला हे सांगता येत नसे. साग कितीही उत्तम असो, आमच्या लेखी तो बेवारस माल.

जुनी छायाचित्रं घेऊन त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढले, तेव्हा बहुतेक ओंडके जागच्या जागी दिसले, हे त्यातल्या त्यात बरं. तुमची मुलं तिकडे असतील, तर जा जरूर. खडा हवाच असेल तर हॉलब्रुकच्या दुकानांत उद्यानाबाहेरच्या खासगी जमिनीतला मिळतो. तो घ्या, आणि पावती मागून घ्या.