एकाच फायरवॉलवर दोन पब्लिक आयपी ब्लॉक कसे चालवतात?

अंधेरीत निर्यातीसाठी १९७३ साली सीप्झ उभे राहिले. आज सीप्झ आणि मरोळ एमआयडीसीच्या पट्ट्यात स्वतःचे सर्व्हर ठेवणारी ऑफिसे बरीच आहेत. लहान ऑफिस इंटरनेट कंपनीकडून अनेकदा ‘/२९’ ब्लॉक घेते. त्यात ८ आयपी पत्ते असतात. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, एक कंपनीच्या राउटरचा. हाती उरतात ५. मेल, व्हीपीएन, वेबसाइट झाली की ते संपत येतात.

मग दुसरा ब्लॉक मागवला जातो, पण तो पहिल्याला लागून मिळेलच असे नाही. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा आयपीव्ही४ साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव टप्प्यावर आला होता. समजा, पहिला ब्लॉक २०३.०.११३.८/२९ आणि दुसरा १९८.५१.१००.१६/२९ आहे (हे आकडे खास उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत). केबल मात्र एकच.

फायरवॉलला हात लावण्याआधी इंटरनेट कंपनीला एकच प्रश्न विचारायचा: दुसरा ब्लॉक आमच्या फायरवॉलच्या पत्त्यावर ‘राउट’ केला आहे, की नुसता केबलवर सोडला आहे? निम्मे घोळ इथेच होतात.

राउट केला असेल तर काम सोपे. त्या ब्लॉकचे सगळे पॅकेट थेट फायरवॉलकडे येतात, वेगळा गेटवे लागत नाही आणि नॅटसाठी आठही पत्ते वापरता येतात. न वापरलेले पत्ते फायरवॉलवरच अडवावेत, नाहीतर पॅकेट डिफॉल्ट रूटने परत कंपनीकडे जाऊन दोघांमध्ये फिरत राहू शकतात.

ब्लॉक केबलवर सोडला असेल तर कंपनीचा राउटर एआरपीने विचारतो, ‘१९८.५१.१००.१८ कोणाकडे आहे?’ फायरवॉल गप्प राहिली तर तो सर्व्हर जगाला दिसतच नाही. त्यासाठी तो पत्ता बाहेरच्या पोर्टवर आयपी अलियास म्हणून जोडतात किंवा प्रॉक्सी एआरपी लावतात. पीएफसेन्समध्ये हे ‘व्हर्च्युअल आयपी’खाली सापडते. दुसरा डिफॉल्ट गेटवे टाकण्याचा मोह टाळावा. आणि फायरवॉल बदलल्यावर सगळे बरोबर असूनही काही चालत नसेल, तर कंपनीचा राउटर जुना मॅक पत्ता धरून बसलेला असू शकतो. सिस्को राउटरवर ही नोंद मुळात ४ तास टिकते. त्यांना एआरपी नोंद पुसायला सांगावे.

बाहेर जाणारी वाहतूक हमखास विसरली जाते. मेल सर्व्हरला दुसऱ्या ब्लॉकमधला पत्ता दिला, पण आउटबाउंड नॅटचा नियम केला नाही, तर मेल फायरवॉलच्या मुख्य पत्त्यावरून निघतात. एसपीएफ आणि रिव्हर्स डीएनएस जुळत नाहीत आणि ग्राहकाला पाठवलेले बिल स्पॅममध्ये पडते.

पावसाळ्यात किंवा रस्ते खोदाईत केबल तुटते म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली असेल, तर गणित वेगळे. तिथे दोन गेटवे लागतातच आणि ज्या लाइनवरून विनंती आली, त्याच लाइनवरून उत्तर गेले पाहिजे.

तपासणी ऑफिसच्या वायफायवरून करू नये. आतून वेगळेच चित्र दिसू शकते. मोबाइल डेटावरून प्रत्येक पत्ता उघडून पाहावा आणि जे पोर्ट बंद हवेत, ते खरोखर बंद आहेत का हेही बघावे. नव्या ब्लॉकला जुने नियम आपोआप लागू होतीलच, असे नसते.