जुन्या घराची खातेवही



यांच्या निवृत्तीनंतर आम्ही जयसिंगपुरात एक जुनं कौलारू घर विकत घेतलं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. कित्येक जणी तर येऊन कौलं घासून गेल्या. बाकीच्या फोनवर एकच विचारतात, "पाडून नवीन का नाही बांधलंत?" माझ्या धाकट्या दिरांचंही हेच म्हणणं होतं. ते स्वतः बांधकाम व्यवसायातले. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं, की एवढ्या दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घातली तर दोन मजली स्लॅबचं घर उभं राहतं. आकडे बरोबर होते. घरात दोन पक्ष पडले आणि महिनाभर जेवताना दुसरा विषय नव्हता.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. नोकरी केली नाही, पण घरची वही कधी सोडली नाही. त्यामुळे मीही एक हिशेब मांडायला घेतला. मात्र रुपयांचा नाही. या घरात काय काय आहे, ते कुठून आलं, त्यासाठी काय जळलं, काय तुटलं, आणि पाडलं तर ते सगळं पुन्हा किती करावं लागेल, याचा. तो मांडता मांडता जो इतिहास हाती लागला तो आज लिहिते.

सुरुवात कौलांपासून. छपरावरची काही कौलं उतरवली तर त्यांच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत 'बासेल मिशन' आणि खाली १८६५ असा ठसा. सगळे खूश! नातवानं शाळेत सांगितलंसुद्धा, की आमचं घर दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे. आता ज्या गावी हे घर आहे ते जयसिंगपूरच मुळी राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वसवलं आणि वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव त्याला दिलं. सरळ आखलेल्या, नंबर घातलेल्या गल्ल्या त्याचीच साक्ष देतात. मग गावाआधी घर कसं येईल? १८६५ हे कारखान्याच्या स्थापनेचं साल. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं त्या साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. प्लेब्स्ट नावाच्या त्यांच्या माणसानं नेत्रावतीकाठच्या मातीतून ही एकात एक अडकणारी कौलं पाडली. मूळ युक्ती फ्रान्सच्या आल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंची, १८४१ सालची. पहिल्या महायुद्धात मिशनचे उद्योग शत्रूची मालमत्ता म्हणून इंग्रज सरकारनं काढून घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. म्हणजे ही ठशाची कौलं बहुधा आमच्या घरासाठी भाजलेलीच नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी उतरवलेल्या छपरावरून ती इथे आली असावीत. शेजारच्या ओळीत दुसऱ्याच कारखान्यांचे ठसे आहेत, त्यावरूनही तेच वाटतं. आमच्या घराची सुरुवातच जुन्या मालावर झाली होती. दिरांना हे सांगितल्यावर ते हसले, पण त्या दिवशी वाद जरा नरमला.

गावाला रेल्वे आधीपासून होतीच. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि गाव वसलं ते त्याच्याच कडेला. सोप्यातली शहाबादी फरशी कलबुर्गीकडून आली. खांब-तुळया सागवानी आहेत. गावाच्या पंचक्रोशीतलं म्हणाल तर दगडी जोतं तेवढं.

कागदपत्रं पाहताना आणखी एक गंमत. सर्वांत जुनं खरेदीखत कोल्हापूर संस्थानच्या मुद्रांकावर, मोडीत लिहिलेलं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे कागद त्याआधीचा. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून दिला. चतुःसीमेत पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बोळ, उत्तरेला 'चुन्याची घाणी'. आज त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. घाणी म्हणजे दगडी गोल चर, त्यात फिरणारं जड चाक आणि ते ओढणारा बैल. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात फोडायची, खड्ड्यात मुरवायची, मग वाळू घालून घाणीत मळायची. घरासमोरच घाणी होती म्हटल्यावर आमच्या भिंतींचा चुना तिथलाच असणार.

इथे माझ्या वहीतला दुसरा रकाना सुरू होतो. आपल्या ग्रंथांत श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात ती दिली, तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात तिची चर्चा केली. लहानपणी पाठशाळेत ती पाठ केली होती, पण अर्थ कळला तो आत्ता. अंगारजीविका, म्हणजे भट्ट्यांवरचे धंदे, त्यात विटा भाजणं हेमचंद्राचार्यांनी स्पष्ट मोजलं आहे. वनजीविका म्हणजे झाडतोड. स्फोटजीविका म्हणजे खोदणं-फोडणं. लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार. घर बांधायला काढा आणि ही यादी समोर ठेवा. वीट, लाकूड, दगड, दाराचं पॉलिश, एकेक नाव हजर. हे नियम धंद्याचे आहेत, विटांच्या घरात राहू नका असं कोणी म्हटलेलं नाही. गृहस्थाची आरंभी हिंसा सुटत नाही, हे आपल्याला सांगितलेलंच आहे. पण जे एकदा भाजून, तोडून, फोडून झालं आहे आणि अजून धडधाकट उभं आहे, ते पाडून पुन्हा तेवढंच भाजायचं, तोडायचं, फोडायचं, हा खर्च दिरांच्या कागदावर नव्हता. मी तो लिहिला.

एवढ्यानं वाद मिटला असता, पण वाळवी निघाली.

माजघरातल्या दोन खांबांना पायथ्यापासून हातभर वाळवी. औषधवाला आला, म्हणाला, जमिनीला भोकं पाडून विष सोडायचं, दहा वर्षं बघायला नको. घरात एकदम शांतता. मी नाही म्हणाले. सासूबाईंचं वय आता नव्वदीकडे. त्या म्हणाल्या, "नाही म्हणतेस, मग करणार काय ते सांग." रास्त प्रश्न. तोपर्यंत पाडायच्या पक्षात नसलेले आमचे हेसुद्धा डळमळले.

उत्तर मिळालं मिरजेकडच्या एका वयस्क गवंड्यांकडून. त्यांनी खांबाकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघितलं आणि विचारलं, "तळखडे कुठं गेले?" जुन्या घरात लाकडी खांब कधी मातीत उभा करत नसत. खाली घडवलेला दगड असतो, तो तळखडा. तो जमिनीच्या वर चार-सहा बोटं राहतो, त्यामुळे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहजी पोचत नाही. आमच्याकडे खांब थेट सिमेंटच्या कोब्यातून वर आलेले. कोबा फोडला तर खाली तळखडे शाबूत! आधीच्या मालकांनी केव्हातरी जमीन उंचावली आणि तळखडे गाडले गेले.

हे केव्हा झालं असेल याचा अंदाज मला सिमेंटच्या इतिहासावरून आला. आपल्याकडे सिमेंट नीट बनू लागलं ते १९१४ साली, पोरबंदरच्या कारखान्यात. १९३६ ला मोठ्या कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. तरी स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परमिटाशिवाय पोतं मिळत नसे. १९८२ साली ते अंशतः उठलं आणि १९८९ ला पूर्ण. आमच्या माहेरी न्हाणीघरासाठी मिळालेली परमिटाची पोती वडिलांनी झोपायच्या खोलीत ठेवली होती, ते अजून आठवतं. आमच्या कोब्याची जाडी पाहता तो सिमेंट हात सैल सोडून वापरता येऊ लागलं त्यानंतरचाच असावा. एवढ्या दुर्मिळ वस्तूचं तेव्हा कौतुक असणार, त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा बसला, की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती वर चढते, लाकडाच्या टोकांना लागते, आणि वाळवीला ओल हवीच असते.

कोबा काढला. जमीन मूळ पातळीला आणली. खांबांचे खराब बुंधे कापून जुन्याच सागाचे जोड दिले. ते काम चालू असताना जीव गेलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण विष ओतलं नाही. भिंतींवरचा सिमेंटचा थर छातीभर उंचीपर्यंत काढून चुना केला. दोन महिन्यांत पायथे कोरडे झाले. नवी वाळवी आजपर्यंत दिसलेली नाही. औषधवाल्याच्या दहा वर्षांशी बरोबरी करायला अजून अवकाश आहे, पण सासूबाईंनी काठीनं खांब ठोकून बघितला आणि काही बोलल्या नाहीत.

चुना म्हटल्यावर त्यात काय घालणार, हा आपल्या बायकांचा खरा प्रश्न. मद्रासकडच्या प्रसिद्ध आरशासारख्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक घालत. सफेदी भिंतीला धरावी म्हणून कितीतरी ठिकाणी सरस घालत, आणि सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला. सुतारही लाकूड जोडायला तोच वापरत, विस्तवावर डबा ठेवून. १९५९ साली फेव्हिकॉल आला आणि हळूहळू तो वास सुतारांच्या कामातून गेला. आमच्या घराचे दरवाजे त्याआधीचे, तेव्हा त्यांच्या सांध्यात काय असेल ते मी सुताराला विचारलं नाही.

पण निवड तेव्हाही होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती आहेत. एकीत कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं, बेल, असं सगळं झाडांचं. दुसरीत लाख. आणखी एकीत गाय-म्हैस-बोकडाची शिंगं आणि म्हशीचं कातडं. तिन्ही एकाच प्रकरणात, ज्याला जे जमेल ते. आमच्या गवंड्यांनी न विचारताच सांगितलं, "तुमच्यात चालतं तेच घालतो." गूळ, हिरडा, बेलाचा गर, उडदाचं पाणी आणि ताग. बेलफळं फोडायला आमच्या मंडळातल्या सात जणी बसल्या होत्या. हातांचा चिकटपणा दोन दिवस गेला नाही आणि उडदाचं पाणी उरलं म्हणून एकीनं त्याची धिरडी करण्याचा प्रस्ताव मांडला, तो नामंजूर झाला. दारांना लाखेचं पॉलिश न करता उकळलेलं जवसाचं तेल लावलं. चकाकी कमी आली. मला तीच आवडते.

वळचणीला चिमण्यांची दोन घरटी होती. पिल्लं उडेपर्यंत तो कोपरा सोडून काम केलं. मजूर वैतागले, पण चहा वाढवला.

एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटली. कागलजवळ बामणी गावच्या जैन मंदिरात शिलाहार राजा विजयादित्याचा शिलालेख आहे, शके १०७३ चा, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारचा. पार्श्वनाथाच्या मंदिराला जमीन दिल्याची त्यात नोंद आहे. कशासाठी? अष्टविध पूजा, मुनींचा आहार आणि मोडतोडीची दुरुस्ती. या दुरुस्तीला तेव्हाचा शब्द 'खंडस्फुटित'. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या दानलेखांत तो येतो. म्हणजे देतानाच गृहीत धरलं होतं, की हे तडकणार, तुटणार, आणि त्याची तजवीज त्याच दगडात कोरून ठेवली. कॉलेजात आम्हाला घसारा निधी शिकवला तो पाश्चात्त्य हिशेबशास्त्र म्हणून!

साध्या घरांतही हे होतंच, फक्त कोरलेलं नव्हतं. दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचं, कौलं उतरवून झाडून पुन्हा बसवायची. ते एकट्याचं काम नव्हे. आज माझ्या घरावर चार माणसं, उद्या तुमच्या. स्लॅब आले आणि ही देवघेव थांबली. आम्ही यंदा वैशाखात शाकारणी काढली तेव्हा नणंदा, भाचे, मंडळातल्या मैत्रिणी, यांचे बँकेतले जुने सहकारी, असे एकवीस जण आले. पन्नाशीच्या आतल्या एकालाही कौलांवर पाय कुठे द्यायचा ते ठाऊक नव्हतं. वासा खाली असतो तिथे द्यायचा, मध्ये नाही. ते खालून ओरडून सांगत होत्या सासूबाई. फुटली फक्त अकरा कौलं. त्यांचे तुकडे परसातल्या वाटेत बसवले.

रुपयांचा अंतिम आकडा दिरांच्या नव्या घराच्या अंदाजापेक्षा थोडा कमी आला, फार नाही. ते मी लपवत नाही. चुन्याला वेळ लागतो आणि वेळेची मजुरी लागते.

आता चातुर्मास. खोदकाम, फोडकाम बंद. न्हाणीघर आणि मागची भिंत दिवाळीनंतर. परसातल्या खड्ड्यात चुना मुरतो आहे, वर पाणी आणि त्यावर फळ्या, कोणी जीव पडू नये म्हणून. वहीत 'खंडस्फुटित' नावाचं एक पान घातलं आहे. दर महिन्याला त्यात थोडी रक्कम जायची. पहिली जमा दिरांची, पाचशे एक रुपये. त्याखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय, मागच्या भिंतीला सिमेंट चालेल का ते विचारावे.